डोळ्यातील पाण्याची वाट

आपल्या घरांतून काही वाक्ये अशी रुळलेली आहेत की ती उच्चारली म्हणजे पुढची चौकशी आपोआप थांबते. ‘आता वय झालं’ हे त्यांतले एक. गुडघा दुखला, ऐकू कमी आले, जिना चढताना धाप लागली, संध्याकाळी पोथीची अक्षरे पुसट दिसू लागली, की या सगळ्यांवर हे एकच उत्तर. हे उत्तर खोटे असते असे मी म्हणणार नाही. पण ते फार लवकर दिले जाते. वय झाले म्हणजे शरीरात नेमके कोठे काय झाले, हा प्रश्न मग विचारायचा राहूनच जातो. या लेखात तोच प्रश्न मी शरीराच्या एका अगदी लहानशा कोपऱ्यापुरता विचारणार आहे. हा कोपरा डोळ्यात आहे आणि त्याची रुंदी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. परंतु तो शोधण्यात, त्याचे काम ओळखण्यात आणि वयाबरोबर तो कसा बदलतो हे समजून घेण्यात युरोप-अमेरिकेतील विद्वानांची दीडशे वर्षे खर्ची पडली. विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नव्हे. मला गोडी आहे ती इतिहासाची. तेव्हा वाचकांनी हा लेख वैद्यकीय सल्ला म्हणून न वाचता एका शोधाची कथा म्हणून वाचावा.

डोळ्यातील पाणी म्हटले की आपल्याला अश्रू आठवतात. येथे ज्या पाण्याविषयी बोलायचे आहे ते निराळे. ते डोळ्याच्या आत असते आणि बाहेर कधीच दिसत नाही. डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्यात, म्हणजे पारपटलात, आणि त्याच्या मागच्या भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. त्या असत्या तर प्रकाशाच्या वाटेत आडव्या आल्या असत्या. पण रक्त नाही म्हणजे पोषण नाही, असे निसर्गाला चालत नाही. म्हणून रंगीत बुबुळाच्या मागे एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. तो बाहुलीतून पुढच्या दालनात येतो, पारपटलाला व भिंगाला जे हवे ते देतो, नको ते घेतो आणि निघून जातो. मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसाकाठी चहाचा एक चमचाही भरणार नाही, एवढेच हे पाणी. पण ते वाहते असते. पुढच्या दालनातील सगळे पाणी साधारण दीड-दोन तासांत बदलून जाते.

हे पाणी बाहेर पडते ते पारपटल आणि बुबुळ जेथे भेटतात त्या कोनातून. त्या कोनात सभोवार एक बारीक स्पंजासारखी जाळी आहे. डॉक्टर तिला ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतात. मोरीच्या तोंडाशी जाळी असते आणि जाळीमागे पन्हळ असते, तशी या जाळीमागे एक वर्तुळाकार नलिका आहे. जाळीतून झिरपलेले पाणी नलिकेत, नलिकेतून बारीक शिरांत आणि तेथून रक्तात मिसळते. जेवढे पाणी येते तेवढेच जाते, म्हणून डोळ्याचा गोल योग्य तेवढा ताठ राहतो. हा ताठपणा, म्हणजे डोळ्यातील दाब, बहुतेक निरोगी माणसांत पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. आता जाळीतून पाणी जाणे मंदावले आणि येणे तसेच राहिले, तर काय होईल हे सांगायला कोणी पंडित नको. मोरी तुंबली की पाणी घरात चढते. डोळ्यात ते चढायला जागा नसते, म्हणून दाब चढतो. तो दाब मागच्या बाजूस, जेथून दृष्टीच्या नसेचे दहा-बारा लाख तंतू मेंदूकडे निघतात, त्या सर्वांत नाजूक जागी जाणवतो. तंतू एकेक करून मरू लागतात. या विकाराला आपण काचबिंदू म्हणतो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावंडांसारखी वाटतात, आणि पुष्कळ काळ दोन्हींची गल्लतही झाली. ग्रीक लोक समुद्राच्या निळसर-करड्या छटेला ‘ग्लाउकोस’ म्हणत. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या विकारांची एक यादी आहे. तीत सांधेदुखी, झोप न लागणे, कमी ऐकू येणे यांच्या पंगतीत डोळ्यातील ही निळसर छटाही बसवलेली आहे. म्हणजे ‘वय झालं’ हे उत्तर निदान दोन हजार वर्षांचे जुने म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे सुश्रुताने ‘अधिमंथ’ नावाचा नेत्ररोग वर्णिला आहे. डोळा घुसळून काढल्यासारख्या वेदना, अर्धे डोके ठणकणे आणि उपचार न झाल्यास थोड्या दिवसांत दृष्टी जाणे, ही त्याची लक्षणे. एकाएकी उसळणाऱ्या काचबिंदूशी ती इतकी जुळतात की आजचे वैद्य हे वर्णन वाचताना थबकतात. परंतु वेदना न होता, गाजावाजा न करता वर्षानुवर्षे दृष्टी नेणारा जो काचबिंदू, त्याची नोंद जुन्या ग्रंथांत सापडणे अवघड; कारण ज्याची तक्रारच कोणी करत नाही त्याचे वर्णन कोण करणार?

गल्लत सुटायला अठरावे शतक उजाडले. १७०५ साली मिशेल ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा चिरून दाखवून दिले की, मोतीबिंदू म्हणजे बाहुलीत उतरलेला कसला पडदा नसून गढूळ झालेले भिंगच होय. मोतीबिंदूचे घर सापडले; काचबिंदू मात्र बेघरच राहिला.

यानंतर १८३० हे साल या कथेत दोनदा येते. त्या वर्षी ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झीने नेत्ररोगांवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. काचबिंदूच्या डोळ्याला बोट लावले तर तो दगडासारखा कठीण लागतो, आणि हा कठीणपणा आत द्रव साचल्यामुळे येतो, असे त्याने त्यात स्वच्छ सांगितले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये फ्रीडरिश श्लेम नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने पारपटलाच्या कडेला फिरणाऱ्या एका बारीक नलिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाला पाणी साचलेले सापडले, दुसऱ्याला पाणी जाण्याची वाट सापडली; आणि दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे जोडून पाहायला पुढे आणखी चाळीस वर्षे लागली.

हा श्लेम मोठा चिकाटीचा माणूस. १७९५ साली जर्मनीतल्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, म्हणून विद्यापीठाऐवजी ब्राउन्श्वाइग शहरातल्या एका न्हावी-शल्यवैद्याच्या हाताखाली तो उमेदवारीला राहिला. त्या काळी वस्तरा चालवणारा हातच गळवेही फोडी. मुडदुसाने हाडे कशी वाकतात हे पाहण्याची त्याला इतकी उत्कंठा की, १८१६ साली एका सोबत्याला घेऊन रात्री दफनभूमीत जाऊन त्याने एका स्त्रीचे प्रेत उकरले. प्रकरण उघडकीस आले आणि त्याला चार आठवड्यांची कैद झाली. दुसरा कोणी असता तर तेथेच खचला असता. श्लेम बर्लिनला गेला, सैन्यात कनिष्ठ शल्यवैद्य झाला, शिकत राहिला आणि शेवटी त्याच शहराच्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. जी नलिका आज जगभर त्याच्या नावाने ओळखली जाते तिचे काम काय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. तो तिला रक्ताची नलिका समजला. माणसाने वाट शोधावी आणि त्या वाटेने कोण जाते हे त्याला न कळावे, असे इतिहासात पुष्कळदा घडते.

पुढचे मोठे नाव आल्ब्रेश्ट फॉन ग्रेफे याचे. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन प्रसिद्ध केले होते. त्या साधनाने ग्रेफेने काचबिंदूच्या डोळ्यात दृष्टीच्या नसेचे तोंड पाहिले. ते खोलगट झालेले असते. पण प्रकाश-छायेच्या फसवणुकीने ग्रेफेला प्रथम ते फुगलेले वाटले. थोड्याच काळात चूक लक्षात येताच त्याने ती मोकळेपणाने मान्य केली. १८५७ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत त्याने सांगितले की, एकाएकी उसळणाऱ्या काचबिंदूत बुबुळाचा एक तुकडा कापून काढला तर दाब उतरतो आणि दृष्टी वाचते. तोवर या रोगाचा अर्थ आंधळेपणा एवढाच होता. बर्लिनच्या त्याच्या दवाखान्यात देशोदेशींचे रोगी व वैद्य येऊ लागले. तो क्षयाने गेला तेव्हा अवघा बेचाळीस वर्षांचा होता. परंतु त्याची शस्त्रक्रिया का लागू पडते, हे त्यालाही सांगता आले नाही. डोळ्यात पाणी जास्त सुटते म्हणून दाब वाढतो, अशी त्याची समजूत होती. पाणी जाण्याच्या वाटेकडे अजून कोणाचे लक्ष नव्हते.

ते लक्ष वेधले थिओडोर लेबरने. १८७० साली गुस्ताव्ह श्वाल्बे याने मृत डोळ्याच्या पुढच्या दालनात रंगीत द्रव सोडला, आणि तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत उतरलेला त्याला दिसला. त्यावरून दालन आणि शिरा यांत उघडे दार आहे, असे त्याने मानले. लेबरने १८७३ साली त्याला हरकत घेतली. दार उघडे असते तर शिरांतले रक्त उलट डोळ्यात आले असते. तेव्हा वाट आहे खरी, पण ती गाळणीची आहे. पाणी झिरपून श्लेमच्या नलिकेत जाते. आज शाळेतल्या मुलाला पटेल असे हे म्हणणे, पण त्यावर जवळजवळ पन्नास वर्षे वाद झाला. बर्लिनचा हाम्बुर्गर तर म्हणे की डोळ्यातील पाणी वाहतच नाही, ते डबक्यासारखे स्थिर असते. लेबर १९१७ साली वारला तेव्हाही वाद मिटलेला नव्हता. १९२१ साली हायडेलबर्गच्या झायडेलने नवे प्रयोग करून प्रवाहाची बाजू बळकट केली.

डोळ्यांना दिसेल असा पुरावा मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आला. कार्ल आशर हे प्राग येथील नेत्रवैद्य नाझींच्या वरवंट्याखालून निसटून १९३९ साली अमेरिकेत सिनसिनाटीला पोचले. सूक्ष्मदर्शक दिव्याखाली जिवंत डोळा तपासताना त्यांना पांढऱ्या भागावर काही शिरा अशा दिसल्या की त्यांतून रक्त वाहत नव्हते. वाहत होते ते निवळ पाणी. काही शिरांत तर दोन नद्यांच्या संगमावर दिसते तसे पाणी आणि रक्त शेजारी शेजारी वाहत होते. १९४२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. वास्तविक त्या शिरा प्रत्येक माणसाच्या डोळ्यावर पूर्वीपासून होत्याच. सत्तर वर्षांच्या वादाचा निकाल अशा रीतीने ज्याच्या-त्याच्या डोळ्यावरच लिहिलेला निघाला.

आता वयाचा प्रश्न. तो पहिल्याने पद्धतशीर विचारला बर्मिंगहॅमच्या प्रीस्टली स्मिथने. १८८०च्या आसपास त्याने वेगवेगळ्या वयांच्या मृत माणसांची भिंगे जमवून ती मोजली, तोलली. त्याला आढळले की शरीराची वाढ थांबली तरी डोळ्याचे भिंग जन्मभर वाढतच राहते. डोळा मात्र तेवढाच राहतो. तेव्हा उतारवयात फुगलेले भिंग बुबुळाला पुढे ढकलते, कोन अरुंद होतो आणि जाळीपुढची वाटच अडते. वय झाले म्हणजे नेमके काय झाले, याचे हे पहिले खरे उत्तर. हिपोक्रेटिसच्या यादीत नुसते नाव होते. येथे कारण आले, आणि तेही तराजूत तोललेले.

पण हे उत्तर सगळ्यांना लागू पडेना. कित्येक रोग्यांचा कोन ऐसपैस उघडा असे, आणि तरीही दाब चढलेला असे. जिवंत माणसाचा हा कोन सरळ पाहता येत नाही. पारपटलाच्या वक्रतेमुळे तेथून येणारा प्रकाश आतल्या आत परततो. १८९९ साली कॉन्स्टँटिनोपलच्या ट्रान्टास नावाच्या ग्रीक वैद्याने डोळ्याची कड दाबून प्रथम तो पाहिला. पुढे डोळ्यावर काचेचे भिंग ठेवून तो नीट पाहता येऊ लागला. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ओटो बार्कानने काचबिंदूचे दोन प्रकार कायमचे वेगळे केले: एक, कोन मिटलेला, दुसरा, कोन उघडा. पहिल्यात मोरीच्या तोंडावर पाट आडवा पडलेला असतो. दुसऱ्यात तोंड मोकळे असते, पण जाळीच कामातून जात असते. वेदना न करता येणारा, तक्रारीला जागा न देणारा काचबिंदू तो हा दुसरा.

जाळीच दोषी आहे हे सिद्ध करायला पुन्हा प्रयोग हवा होता. तो बॉस्टनच्या मॉर्टन ग्रँटने केला. मृत माणसांचे डोळे घेऊन त्यांत ठराविक दाबाने द्रव सोडायचा आणि किती बाहेर पडतो ते मोजायचे. मग ती जाळी बारीक हत्याराने कापायची आणि पुन्हा मोजायचे. १९६३ साली त्याने आकडा दिला: बाहेर पडणाऱ्या पाण्याला जो अडथळा होतो त्यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश या जाळीपाशी आहे. डोळ्याच्या सगळ्या पाणीपुरवठ्याची किल्ली या एका मिलिमीटरच्या आत होती. तेव्हा पुढच्या पिढीने दिवे, सूक्ष्मदर्शक आणि मोजमाप घेऊन सारा मोर्चा तिकडे वळवला.

आणि काय सापडले? जाळी म्हटली की आपल्यापुढे तारांची निर्जीव जाळी उभी राहते. ही जाळी जिवंत आहे. तिच्या प्रत्येक काडीवर पेशींचे अस्तर असते, आणि त्या पेशी घरच्या कामसू बाईसारख्या दिवसभर राबत असतात. पाण्याबरोबर वाहून आलेले रंगाचे कण, मेलेल्या पेशींचा चुरा, जे येईल ते गिळून वाट मोकळी ठेवणे हे त्यांचे काम. जाळीचे तंतू जुने झाले की मोडायचे आणि नवे विणायचे, हेही त्यांचेच. पण या पेशी सहसा नव्याने जन्माला येत नाहीत. जी गेली तिच्या जागी दुसरी क्वचितच येते. शेजारणीच पाय ताणून रिकामी जागा झाकतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अल्व्हाराडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली या पेशींची मोजदाद करून दाखवले की वयाबरोबर त्या एकसारख्या घटत जातात. १९८७ साली ग्रिअर्सन व हाउज यांनी अंदाज दिला: विशीतल्या डोळ्यात सुमारे साडेसात लाख, ऐंशीव्या वर्षी जेमतेम चार लाख. म्हणजे म्हातारपणी निम्म्याच्या जवळ मनुष्यबळावर हे खाते चालवावे लागते.

काम करणारे कमी झाले की घराची जी दशा होते तीच येथे होते. जाळीच्या काड्या जाड होतात, मधल्या फटी बुजत जातात, काही काड्या एकमेकींना चिकटतात. रंगाचा गाळ बसतो. जर्मनीत एर्लांगेन येथे रोहेन आणि ल्युट्जेन-ड्रेकोल यांनी दाखवले की नलिकेला लागून असलेल्या थरात विशिष्ट द्रव्याची पुटे चढतात. श्लेमची नलिका स्वतःही आकसते. जाळीला ताणून उघडी ठेवणारा शेजारचा स्नायू ताठरतो. ऐन तारुण्यात लवचीक असलेला हा स्पंज हळूहळू राठ होतो. हे सर्व तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या डोळ्यांत चालू आहे.

मग सगळ्याच म्हाताऱ्यांना काचबिंदू का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. पाणी जाण्याची वाट वयाबरोबर बिकट होते हे खरे. पण पाणी तयार होण्याचा वेगही वयाबरोबर थोडाथोडा उतरतो. मिळकत घटली तसा शहाणा गृहस्थ खर्च आवरतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून कोट्यवधी वृद्धांचा दाब आयुष्यभर ठीक राहतो. ज्यांना काचबिंदू होतो त्यांच्या जाळीत मात्र त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षाही पेशी कमी असतात आणि पुटे जास्त असतात. हे १९८१ ते १९८४ या वर्षांतल्या अभ्यासांनी दाखवून दिले. काहींच्या बाबतीत घराणेही नडते: १९९७ साली जाळीतील मायोसिलिन नावाच्या प्रथिनाशी संबंधित जनुक सापडला, ज्यातील बिघाडाने ऐन तरुणपणीही हा रोग होतो. तात्पर्य, जाळीचे म्हातारपण हे सर्वांचे, काचबिंदू हा काहींचा. वय ही जमीन झाली. रोग हे त्या जमिनीत काही ठिकाणीच रुजणारे बी. आणखी एक गुंता येथे नमूद केला पाहिजे. कित्येकांचा दाब मोजमापात ठीक असूनही नस खंगते; जपानमध्ये तर बहुसंख्य रोगी असेच आढळले. म्हणजे जाळीची कथा मोठी असली तरी ती काचबिंदूची संपूर्ण कथा नव्हे.

उपचारांचा इतिहासही याच जाळीभोवती फिरतो. १८७६ साली श्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकरने आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या विषारी घेवड्याचा अर्क डोळ्यात घालून दाब उतरवला. हा लाकर स्वतःच काचबिंदूचा रोगी होता. वैद्याने आपल्याच डोळ्यासाठी औषध शोधावे, यापरती कळकळ कोणती? आपल्या देशाचा वाटा म्हणजे मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात काम करणारे कर्नल रॉबर्ट एलियट. तुंबलेल्या जाळीचा नाद सोडून डोळ्याच्या भिंतीला बारीक वर्तुळाकार भोक पाडायचे आणि पाण्याला नवी वाट द्यायची, ही त्यांची १९०९ची शस्त्रक्रिया मद्रासहून जगभर गेली. १९६८ साली केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी जाळीचाच एक तुकडा कापून काढण्याची पद्धत काढली. मौज अशी की पाणी नलिकेच्या उघड्या टोकांत शिरेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते डोळ्याच्या वरच्या नाजूक आवरणाखाली झिरपू लागले, आणि शस्त्रक्रिया यशस्वी ठरली ती त्या कारणाने. १९७८ साली पाणी कमी तयार करणारे टिमोलॉलचे थेंब आले, १९७९ साली जाळीवर लेसरचे किरण सोडण्याची रीत आली, १९९६ साली पाणी दुसऱ्याच वाटेने काढून देणारे थेंब आले. खुद्द जाळीच्या राठपणावर काम करणारे थेंब मात्र अगदी अलीकडचे: जपानमध्ये २०१४ साली, अमेरिकेत २०१७ साली. नलिकेचा शोध लागल्यापासून तिच्या दाराशी औषध पोचायला १८० वर्षांहून अधिक काळ लागला!

माझी एक मावशी सोलापूरकडे असे. ऐंशीच्या घरात गेली तरी पहाटे उठून स्वतः सडा घालणारी. काही वर्षे ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेई, उंबरठ्याला अडखळे, ताटातल्या डावीकडच्या चटणीला तिचा हातच जात नसे. चष्मा तीनदा बदलून झाला. समोरची अक्षरे तिला वाचता येत, त्यामुळे डोळ्यांत काही बिघाड असेल असे चष्मेवाल्याला वाटले नाही. कोणी विचारले तर ती हसून म्हणे, “अरे, वय झालं माझं. आता दिसायचं ते एवढंच.” मोतीबिंदूच्या तपासणीसाठी तिला नेले तेव्हा तरुण डॉक्टरीणबाईंनी नसेचे तोंड पाहिले, दाब मोजला आणि त्या गप्पच झाल्या. एका डोळ्याची दृष्टी बहुतेक गेली होती. दुसऱ्याची कडेची बाजू गेली होती. मधली शाबूत होती, म्हणून वाचता येत होते. थेंब सुरू झाले. जे गेले ते परत आले नाही. जे उरले ते मात्र तिने शेवटपर्यंत, आणखी नऊ वर्षे, वापरले. नातीच्या लग्नाची निमंत्रणे तिने स्वतः वाचून पाहिली आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या.

मावशीचे हे उदाहरण अपवादाचे असते तर मी सांगितले नसते. तामिळनाडूतल्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या लोकांनी खेड्यांतून केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. चाळिशीपुढच्या शंभर माणसांत अडीचांच्या आसपास काचबिंदूचे निघाले; आणि त्या रोग्यांपैकी शंभरात नव्वदांहून अधिकांना आपल्याला असे काही आहे याची वार्ताही नव्हती. ब्रिसोपासून ग्रँटपर्यंत एवढ्या विद्वानांनी जे ज्ञान मिळवले, ते त्या नव्वदांच्या घरी पोचलेच नव्हते. तेथे अजून हिपोक्रेटिसची यादीच चालू होती. काचबिंदूने गेलेली दृष्टी आजच्या कोणत्याही औषधाने परत येत नाही, आणि राहिलेली बहुतेक वेळा राखता येते. या दोन वाक्यांच्या मधली जी मुदत आहे तीच ‘वय झालं’ म्हणण्यात निघून जाते.

चाळिशी उलटली की डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नुसता चष्म्याचा नंबर न काढता दाब आणि नस पाहून घ्यावी, आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास त्याहूनही आधी, हे आजचे वैद्यक सांगते. हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. दिवाळीत घर भरलेले असते, वडीलधारी माणसे एकत्र असतात. फराळाच्या गप्पांत कोणी आजी-आजोबा डोळ्यांविषयी बोलताना ‘आता वय झालं’ म्हणालेच, तर त्यांना एवढेच विचारावे: वय तर झालंच, पण डोळ्यातला दाब शेवटी कधी मोजला होता?